दर पत्राला तीन चाली

तरोडा नाका, नांदेड
४ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
दीपमालाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. इकडं सगळे खुशाल, मी सोडून. मला राग आलाय आणि तो पत्राच्या शेवटापर्यंत दाबून ठेवायची माझी तयारी न्हाई, म्हणून आधीच सांगते. पाकिटावरचं अक्षर आरतीवहिनींचं. बरं, पत्ता तेवढा लिहिला असेल म्हटलं. आत बघते तर विहिरीखालच्या महालाचं अख्खं वर्णन त्यांच्याच हातचं!

ठरलं काय होतं आपलं? मामांनी कुवेतहून तो कॉम्प्युटर आणला तेव्हा अख्ख्या बिलोलीत तसलं दुसरं यंत्र नव्हतं. टीव्हीला जोडायचं, टेपरेकॉर्डरला कॅसेट लावायची, पाच मिनिटं ती किंचाळायची, मग खेळ सुरू. चित्र एक न्हाई, नुसती इंग्रजी अक्षरं. तुम्ही विहिरीच्या काठावर आहात, दिव्यात तेल आहे, काय करता? मग आपण दोन-तीन शब्दांचा हुकूम टाइप करायचा. तू लातूरला शिकायला गेलास, तर पडद्यावरचं सगळं मी लिहून पाठवायची आणि तू दर पत्राला तीन चाली पाठवायचास. महाल पुरा झालाच न्हाई. माझं लग्न झालं, यंत्र माळ्यावर गेलं.

गेल्या वर्षी रिटायर झाल्यावर तूच ते तुझ्या शेजारच्या जिलानीभाईंकडून दुरुस्त करून घेतलंस. तूच म्हणालास, की आता टाइप मी करतो, चाली तू पाठव. फोनवर न्हाई, पत्रानंच. पत्रात असेल ते जसंच्या तसं टाइप करायचं आणि दोघांनी मिळून महाल पुरा करायचा. दोघांनी, दादा. मग त्यात तिसरं माणूस कुठून आलं?

या वेळच्या चाली: टेक रोप. गो डाउन. लाइट लॅम्प. स्वतःच्या बोटांनी टाइप कर.

रागावले तरी तुझीच आहे, तेवढं ध्यानात राहू दे.
तुझी,
दीपमाला


लातूर
११ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. दीपमालास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा राग मिळाला, भरपूर होता. मनगट धरलंय म्हणून हेही पत्र आरतीकडूनच लिहून घेतोय. दोन ओळींनंतर पेन सुटतो हातातून. त्यावरून रुसू नकोस बाई.

एक कबुली द्यायची आहे. महालातल्या आतल्या विहिरीपाशी तुझी पहिली चाल टाइप झाली, दोर घेतला, आणि आरतीनं मला अडवलं. औश्याजवळच्या रानात तिचं लहानपण गेलं. ती म्हणाली की दोर खांबाला बांधल्याबिगर विहिरीत उतरतं का कुणी? म्हणून मध्ये तिची एक चाल घातली, टाय रोप. आणि काय सांगू, आजवर आपण दोघं जिथं पडून मरत होतो तिथून सरळ खाली उतरलो! बिलोलीत तू आणि मी मिळून एवढे मेलो, पण हे काही सुचलं नाही. मी तर टाळ्या पिटल्या. ही लाजून आत गेली.

आता आपण महालाच्या शेवटच्या गल्लीत आहोत. दोन्हीकडं खड्डे, उत्तरेला लोखंडी दार, दिव्यात तेल थोडंच. माझ्या अंदाजानं दोन पत्रांत खजिन्याचा जामदारखाना हाती लागतो. टेपरेकॉर्डरचं रेकॉर्डचं बटण गेलंय, त्यामुळं खेळ साठवता येत नाही, मेलो की पुन्हा पहिल्यापासून, हे तुला ठाऊकच आहे. सप्टेंबरपासून यंत्र एकदाही बंद केलेलं नाही. इन्व्हर्टर त्यासाठीच घेतला, आणि ऊन वाढलंय म्हणून आरती आमच्यावरचा टेबलफॅन उचलून त्याच्यावर लावते.

नियम मोडला ते चुकलंच. इथून पुढं पत्रात तू लिहिशील त्यात काडीचा बदल होणार नाही, हे वचन.

रुसवा सोडून माया चालू ठेवावी.
तुझा,
दादा


तरोडा नाका, नांदेड
१९ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
दीपमालाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

वा! वहिनींचं अभिनंदन. दहावीला इंग्रजीत दोनदा गचकलेलं माणूस इंग्रजी खेळात आपल्या पुढं गेलं म्हणजे कमालच झाली. माझ्या चालीला तू टाळ्या पिटल्याचं काही आठवत न्हाई बघ मला. मी लई आठवून पाहिलं.

आमचे हे म्हणाले की एवढं काय त्यात, खेळच आहे. त्यांना काय सांगायचं? लग्नात तू वहिनींचा झालास, मुलाबाळांचा झालास, ते रीतीनंच झालं, मी हसून अक्षता टाकल्या. पण तो महाल तेवढा आपल्या दोघांचा होता. आता तिथंही त्याच पुढं चालून राहिल्या आणि मी मागून दोर धरून उभी.

असो. मी नीट विचार केलाय. पुढच्या चाली: पुट आउट लॅम्प. गो नॉर्थ. तिसरी लागणार न्हाई. वचन दिलंयस, तेव्हा कुणाचा सल्ला न घेता जसंच्या तसं टाइप कर.

बाकी सगळं ठीक. लोभ कुणावर किती ठेवायचा ते तुझं तू ठरव.
तुझी,
दीपमाला


लातूर
२७ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. दीपाताईंना,
आरतीचा नमस्कार. वि. वि.

हे पत्र तुमच्या दादांनी सांगितलेलं न्हाई. ते फिरायला गेलेत, जिलानीभाई हाताला धरून नेतात. मनगटाची बात खोटी. साखरेनं त्यांच्या डोळ्याचा पडदा गेलाय, जानेवारीपासून समोरचं अक्षर दिसत न्हाई. तुम्हाला कळवायचं न्हाई अशी मला शपथ घातलेली. दीपाला कळलं तर ती खेळ बंद करंल, म्हणाले. आज शपथ मोडली.

पडद्यावरचं एकेक अक्षर मी मोठ्यानं सांगते, ते जुळवून अर्थ लावतात, मग मराठीत मला सांगतात. तुमचं पत्रही मीच वाचते. इंग्रजीत गचकल्याचं वाक्यही मीच वाचलं, मोठ्यानं. मी म्हटलं खरंच तर हाय.

चाली वाचल्या तेव्हाच मला कळलं. तिसरी लागणार न्हाई, हे कोण कशासाठी लिहितं? मी म्हटलं, अंधारात खड्ड्याजवळ दिवा विझवतं का माणूस, थांबू या, ताईंना विचारू. तर म्हणाले की दीपाच्या डोक्यात काहीतरी मोठं असणार, दिवा असताना न दिसणारं दार अंधारात दिसत असंल, तू टाक. मी टाकलं. खड्ड्यात पडून आपण मेलो. त्यांनी पडद्यावरची ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाले, बिचारीची चूक झाली, तिला वाईट वाटंल, काय लिहू या?

ताई, मलाही सांगू द्या. ह्या घरात आले तेव्हापासून जेवताना तुमच्या महालाच्या गोष्टी ऐकत आले. तुम्ही माहेरी आलात की भाऊबहिणी हसायचात आणि मी भाकऱ्या थापायची. लई जळले मी. दोन महिने झाले, त्यांच्या शेजारी बसायला मिळालं, टाळ्या मिळाल्या. तेवढंही तुम्हाला बघवलं न्हाई.

चूक न्हाई झाली हे मी त्यांना सांगितलेलं न्हाई. सांगणारही न्हाई. यंत्र अजून बंद केलेलं न्हाई. ते रोज हात लावून गरम आहे का बघतात.

थोरल्या वहिनीला जास्त बोलायचा हक्क असतो, तो आज वापरला. तब्येत सांभाळावी.
तुमची,
आरती


तरोडा नाका, नांदेड
३ मार्च २०२४

ती. दादास आणि सौ. आरतीवहिनींस,
दीपमालाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

वहिनी, दोन दिवस तुमचं पत्र घेऊन फिरले. देवपूजेला बसले तरी हातात तेच. एक पत्र खुशालीचं लिहून झालं होतं, त्यात चूक झाली, माफ करा, असंच लिहिलं होतं. ते फाडलं. तुम्ही मला झाकलंत, आणि मी त्या पदराआड बसून राहिले तर यापुढं तुम्हाला वहिनी म्हणायचं मला तोंड राहणार न्हाई.

पत्र वाचायला तुम्हीच बसणार हे मला ठाऊक आहे. म्हणून हात जोडून सांगते, इथून पुढचं मोठ्यानं वाचा आणि माझी दया येऊन एक अक्षरही गाळू नका.

दादा, तुझे डोळे गेल्याचं मला कळलं. वहिनींना रागावू नकोस. माझ्या चालीत काही मोठं नव्हतं रे. चूकही नव्हती. अंधारात पाऊल खड्ड्यात जाणार हे मला माहीत होतं आणि दिवा मी मुद्दाम विझवला. तुझ्याशेजारी वहिनी बसतात आणि माझं नुसतं पत्र येतं, हे मला सोसलं न्हाई. वहिनींच्या हातून महाल पुरा होण्यापेक्षा तो बुडालेला मला चालला. तू मात्र वचन पाळलंस आणि माझ्यावर भरवसा ठेवून खड्ड्यात गेलास. तुला समोर दिसत नव्हतं, आणि तरी तू मलाच विचारून पाऊल टाकलंस.

अजून जळते मी, खोटं कशाला बोलू? आता हे ऐकतानाही तुझ्या कानात वहिनींचाच आवाज असंल. असू दे. माझं पाप तुला त्यांच्याच तोंडून ऐकू यावं, एवढीच शिक्षा मला सुचली.

माया ठेवावी असं म्हणायला जीभ रेटत न्हाई, तरी म्हणते.
तुमची,
दीपमाला