कुत्र्याच्या वाट्याची शाब्बासकी

आई, माझ्याकडे कुत्रा आलाय. अन्नपूर्णेच्या मंदिरामागच्या या दुसऱ्या माळ्यावरच्या फ्लॅटमध्ये. तू असतीस तर दारातूनच परत फिरली असतीस, घोटभर पाणीसुद्धा घेतलं नसतंस. पण तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, म्हणून बिनधास्त सांगतेय. आणला मी नाही, तुझ्या जावयांनी आणला. रिटायर झाले, दोन महिने पेपर जाहिरातींसकट वाचून काढला, आणि मग एक दिवस शहराबाहेरच्या एका संस्थेत जाऊन हा देशी, पिवळट, मागच्या एका पायाने लंगडणारा प्राणी गाडीत घालून घेऊन आले. बायपासवर कुणी उडवला होता म्हणे त्याला. मग वर्षभर संस्थेच्या पिंजऱ्यात. घर म्हणजे काय, हे त्याने कधी पाहिलेलंच नाही. संस्थेचा नियम असा की पंधरा दिवस ठेवून बघा, जमलं तर कागदावर सही करा, नाही जमलं तर परत आणून द्या, कोणी काही बोलणार नाही. मी त्या पंधरा दिवसांवरच डोळा ठेवून होते. त्या मुक्या जनावराचा मला इतका हेवा वाटला, इतका जळफळाट झाला, की बावन्नाव्या वर्षी माझी मलाच लाज वाटली. तरी जळायची काही थांबले नाही.

हेवा कशाचा, तर त्याच्या मुतण्याचा. हसू नकोस. पहिल्याच दिवशी संस्थेतली एक मुलगी घरी आली होती, असेल पंचविशीची, जीन्सभर कुत्र्याचे केस. तिने सोफ्यावर बसून आम्हाला सगळं हिंदीत समजावून सांगितलं. झोपेतून उठला की खाली न्यायचं, जेवला की न्यायचं, खेळून झालं की न्यायचं. घरात शू केली तर चकार शब्द काढायचा नाही, गुपचूप पुसून टाकायचं. आणि बाहेर केली की तिथल्या तिथे, त्याच मिनिटाला, तोंडभरून कौतुक करायचं आणि काहीतरी खायला द्यायचं. मला वाटलं, हे काय दोन दिवसांत कंटाळतील. अगं, अठ्ठावीस वर्षांत ज्या माणसाने पाण्याचा पेला आपल्या हाताने भरून घेतला नाही, तो साडेपाचला उठून पट्टा हातात घेऊन जिना उतरायला लागला. खिशात पनीरचे तुकडे. परत येतात ते तोंडभर हसत, की केली, खाली केली. समोरच्या फ्लॅटवाल्यांनाही इंदुरी थाटात सांगून झालेलं असतं, आज भिया दोन वेळा. अजून त्याचं नावसुद्धा ठेवलं नव्हतं, नुसतं बाळा, बाळा. शाब्बास रे माझ्या बाळा. मी बारा माणसांच्या पुरणपोळ्या एकटीने लाटल्या तेव्हा हेच म्हणाले होते की ठीक झाल्या आहेत.

आणि मला तू आठवलीस. जुन्या इंदूरमधल्या आपल्या त्या वरच्या दोन खोल्या, आणि ती सकाळ, जी माझ्या लहानपणी जवळजवळ रोज व्हायची. तू पांघरूण ओढतेस. तुला हात लावून बघावंही लागत नाही, वासावरूनच कळतं. मी आठ वर्षांची आहे, डोळे मिटून झोपल्याचं सोंग करतेय. तू मारत नाहीस, कधीच मारलं नाहीस. ती ओली चादर तू माझ्याच हातात देतेस आणि म्हणतेस, जा, गच्चीवर वाळत घाल, रस्त्याच्या बाजूच्या कठड्यावर. मधल्या गॅलरीतून चार बिऱ्हाडांसमोरून ती चादर न्यायची. नळाला पाणी आलेलं असायचं, सगळ्या बायका बाहेर. तुझं म्हणणं, लाज वाटली की आपोआप सुधारेल. आणि वर ते ठरलेलं वाक्य, की सासरी काय तोंड दाखवशील, दुसऱ्या दिवशी परत पाठवतील. चादर उन्हात वाळायची, मधे तो पिवळा नकाशा राहायचा, आणि मी शाळेत जाताना मान वर करून बघायची नाही.

हे एवढंच असतं तर मी विसरले असते. तुमच्या त्या पिढीत सगळ्याच आया कडक होत्या. पण एकदा माझ्या शाळेला सुट्टी होती आणि तू मला तू शिकवायचीस त्या शाळेत घेऊन गेलीस, बडा गणपतीजवळच्या, पहिलीच्या वर्गात. मी मागे टाटपट्टीवर बसले होते. पुढे बसलेल्या एका एवढ्याशा मुलीने जागच्या जागी केली. पाणी वाहत बाजूच्या मुलांपर्यंत गेलं, मुलं ओरडायला लागली. तू खडू ठेवलास. तिला उचललंस, आपल्या पिशवीतून एक धुतलेली चड्डी काढलीस, कोपऱ्यात नेऊन तिला घातलीस. तुझ्या पिशवीत अशा दोन चड्ड्या कायम असतात हे मला त्या दिवशी कळलं. स्वतः फरशी पुसलीस आणि तिच्या गालावर हात फिरवून म्हणालीस, कोई बात नहीं बेटा, हो जाता है. मला त्या मुलीला कडकडून चिमटा काढावासा वाटला. परत येताना रस्त्यात मी तुला विचारलं, तिला का नाही रागावलीस? तू चालता चालता म्हणालीस, "ती लोकांची मुलगी आहे. तू माझी आहेस." मला वाटलं, मग लोकांची असते तर बरं झालं असतं.

तर हा कुत्रा. तो घरात करायचाच, आणि रोज एकाच जागी, सोफ्याच्या मागे. हे बिचारे रोज नियमाप्रमाणे गुपचूप पुसायचे. त्यांनी पुसल्यावर मी पुन्हा पुसायची, कारण मला चैन पडत नव्हतं, आणि वर गोमूत्र शिंपडायची. तुझीच सवय. तुझी ती बाटली मोरीच्या कोनाड्यात असायची, सुतक असो, पाल पडो, काही झालं की चार थेंब. माझी बाटली मंदिराजवळच्या दुकानातली. देवघर तिथून चार हातांवर, म्हणून मी जरा सढळ हातानेच शिंपडत होते. आणि हे एकटे खाली गेलेले असले की मी कुत्र्यावर ओरडतही होते. एकदा चप्पल उगारली. मारली नाही. तो जमिनीला पोट टेकवून सपाट झाला आणि माझ्याकडे बघत राहिला.

नवव्या दिवशी ती मुलगी बघायला आली. यांनी आपलं अपयश खाली मान घालून सांगितलं. तिने सोफ्यामागे वाकून वास घेतला आणि मला विचारलं, "आंटी, पोंछा किससे लगाते हो आप?" मी मोठ्या तोऱ्यात बाटली आणून दाखवली. ती हसायलाच लागली. म्हणाली, त्याला तर हेच वाटतंय की इथे आधीच कुणीतरी करून जातं, मतलब इथेच करायची असते, तुम्हीच त्याला रोज दाखवून देता आहात. हे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिने घरभर फिरून बघितलं आणि तिला वॉशिंग मशिनच्या मागेही एक डबकं सापडलं, जे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.  घरात कोणी याला रागावतं का, असं तिने विचारलं. हे म्हणाले, नाही नाही, बिलकुल नाही. मी बाटलीचं झाकण घट्ट करत होते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "डाँटने से बंद नहीं होता, आंटी. बस, छुपके करने लगते हैं."

गोमूत्र बंद झालं आणि काय सांगू, सलग तीन दिवस कोरे गेले. हे खालून पोहे-जलेबी घेऊन आले, समोरच्यांकडेही दिली, म्हणाले, पास हो गया अपना बच्चा. पनीर खाऊन कुत्रा शेपटी हलवत होता आणि मी जलेबी तोंडात धरून बसले होते. त्याला चुकायची परवानगी होती, आणि सुधारला तर घरात सण होता. माझी सवय गेली तेव्हा तर तू एवढंच म्हणाली होतीस, चला, सुटले एकदाची. दुसऱ्या दिवशी सकाळी हे दूध आणायला गेले. मी बाटली काढली आणि सोफ्यामागे शिंपडली. चुकून नाही, सवयीने नाही. दहा मिनिटांत त्याने तिथे केली. हे आले, पाहिलं, गुडघे दुखतात तरी खाली बसले आणि पुसता पुसता म्हणाले, माझंच चुकलं, आधी त्याला न्यायला पाहिजे होतं. त्याच्या पुढच्या दिवशी मी पुन्हा तेच केलं.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी यांनी कुत्र्याची चादर घडी करून दारापाशी ठेवली. माझ्याच जुन्या चादरींतली एक होती. म्हणाले, तो इथे रुळत नाहीये, उगाच आपण त्याचे हाल करून राहिलोय, उद्या सकाळी देऊन येतो.  मला जे पाहिजे होतं ते झालं होतं, आई, मी फक्त गप्प बसायचं होतं. गॅसवर चहा होता. कुत्रा दारापाशी जाऊन त्या घडीचा वास घेत होता. मी म्हणाले, "मी टाकलं गोमूत्र. दोन्ही दिवस. मुद्दाम टाकलं."

यांनी गॅस बंद केला आणि का, असं विचारलं. मग मी सांगितलं. चादर, गॅलरी, गच्चीचा कठडा, सगळं. लग्नाच्या आदल्या दिवशी तूच मला बजावलं होतंस की ही गोष्ट तिकडे जन्मात काढायची नाही, आणि अठ्ठावीस वर्षं मी काढली नव्हती. सांगताना रडले नाही, रागच येत होता, तुझा, यांचा, त्या कुत्र्याचा.  शेवटी यांनी विचारलं, "कितव्या वर्षापर्यंत?" मी म्हणाले, अकराव्या. त्यांनी दारापाशी जाऊन चादर उचलली, परत कोपऱ्यात अंथरली, आणि एवढंच म्हणाले की उद्या सकाळी तू घेऊन जा त्याला खाली.

मी गेले. गाऊनवर ओढणी घेऊन, पट्टा दोन्ही हातांनी धरून. त्याने भिंतीपाशी केली आणि वर माझ्याकडे बघितलं. शाब्बास त्याच मिनिटाला म्हणायचं असतं. माझी जीभ उचलेना. मग म्हणाले, अगदी हळू. पनीर त्याने माझ्या हातातून फार जपून घेतलं, दात लागू दिला नाही. त्याच दिवशी कागदावर सही झाली, खाली माझीही. तेव्हापासून सकाळची फेरी माझी. पण माझं मन मोठं झालं असं समजू नकोस. हे त्याला बाळा म्हणून कुरवाळतात तेव्हा अजूनही पोटात दुखतं.

हे सगळं लिहून काय करायचं, कोणाला पाठवायचं? कपाटात साड्यांखाली जो कागद अंथरलाय, त्याच्याखाली सारून ठेवीन. एकच राहिलं. यांना मी अकरा सांगितलं, कारण तू सगळ्यांना अकरा सांगायचीस. मावशीला, शेजारणींना, तुझ्या शाळेतल्या बाईंना, की लाज वाटायला लावली म्हणून पोरगी अकराव्या वर्षी सुधारली. मी सुधारले नव्हते, आई. तेरा वर्षांची होईपर्यंत मी तुला झोप लागली की चादर बाजूला गुंडाळून नुसत्या फरशीवर झोपायची, तुझ्या आधी उठायची, परकराने फरशी पुसायची आणि तो परकर धुवून ओलाच शाळेच्या कपड्यांखाली घालायची. तुला कळू दिलं नाही. ती दोन वर्षं तू माझ्यावर खूश होतीस.