खिडक्यांची पट्टी

नोएडा, रविवार, मे १९९६

बाबांनी अर्धवट सोडलेलं ते चिमुकलं प्लास्टिकचं डाकोटा विमान मी पुरं करायला घेतलं, आणि आज घाण केली. हे किट आता कुठेच मिळत नाही. स्टिकरचा कागद एकच, तोही पिवळा पडलेला, म्हणून आठवडाभर काचेला चिकटवून उन्हात ठेवला. पिवळेपणा गेला. दुपारी विमानाच्या खिडक्यांची पट्टी कापून, कागदापासून सुटावी म्हणून पाण्यात सोडली, तर तिचा चुराच झाला.

बाबा समोरच होते. पालम विमानतळावर जन्मभर खरी विमानं दुरुस्त केली, आता हात थरथरतात म्हणून नुसते बघतात. म्हणाले, "जुन्या स्टिकरवर आधी वार्निश मारावं लागतं."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"काल सांगायला लागलो, तर म्हणालीस, बाबा प्लीज, मला करू द्या."

हो, म्हणाले होते मी. ऑफिसात ज्युनिअरला थांबवते तसा हात वर करून.

त्या खिडक्या अजून वाटीत तरंगताहेत, फेकवत नाहीत. कागदावर आता शेपटीवरची अक्षरं तेवढी उरलीत.

शेवटी विचारलं, "वार्निश किती वेळ वाळू द्यायचं?"

बाबा चष्मा शोधायला लागले.