उतारावरची पिकअप

रोडपाली, ५ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मेसेज तू उघडत नाहीस, म्हणून पत्रच. तळोज्याच्या कारखान्यांत आता रोज आमचे भाकरीचे डबे जातात. रिक्षात मावत नाहीत, म्हणून जुनी पिकअप घ्यायचं चाललंय. कळंबोलीला एका दलालाकडे यांनी एक बघितली. चकचकीत आहे, हे तिच्यावर खूश आहेत. मला मात्र धाकधूक वाटते. आत अत्तराचा उग्र वास, आणि दलाल सारखा म्हणतो, आजच ठरवा. रविवारी चालवून बघायचीय. तू डंपर चालवलेस, काय तपासायचं ते लगेच कळव. आमची पूर्वी सारखी मामाची आठवण काढते. वहिनीला नमस्कार.

माया आहेच, ती राहू दे.
तुझी मनिषा

उरण, ८ फेब्रुवारी

चि. मनिषास,
अ. उ. आ.

पत्र वाचल्यापासून चैन नाय. कुजका वास दाबायला अत्तर मारतात. गाडी पुरात बुडालेली असेल. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढ, आत चिखल दिसेल. इंजिन आधीच गरम असेल तर थंड होईपर्यंत थांबा, थंड असताना कसं सुरू होतं तेच बघायचं. ब्रेक तपासल्याशिवाय विश्वजीतरावांना स्टिअरिंगला हात लावू देऊ नको. पोरीला तर नेऊच नको. तुझी वहिनी म्हणते, मी भित्रा झालोय. असू दे.

सांभाळून राहा.
दादा

रोडपाली, १२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज आलं. आम्ही काल जाऊन आलो. पूर्वी हट्ट करून मांडीवर बसली होती.

पुलाच्या उतारावर ब्रेक खालपर्यंत गेला. ब्रेक लागत नाय, पोरीला धर, एवढंच हे हळू म्हणाले. पुढे स्कूटरवर एक बाई, तिच्यामागे लहान पोर. हँडब्रेक ओढला, तोही लागेना. यांनी गिअर उतरवत गाडी कठड्याला घासत नेली. ठिणग्या उडाल्या, आरसा तुटला. थांबलो तेव्हा स्कूटर हाताच्या अंतरावर होती. त्या बाईला काही कळलंच नाही, ती निघून गेली. दलाल मागून मोटारसायकलवर आला आणि आधी दाराचा ओरखडा बघू लागला.

आम्हाला खरचटलंसुद्धा नाही. पण पूर्वी कालपासून बोलत नाही. हे गाडीचं नाव नको म्हणतात. मी डोळे मिटले की तो उतार दिसतो.

तुझी मनिषा

उरण, १५ फेब्रुवारी

चि. मनिषास,
अ. उ. आ.

शनिवारी रात्री येतो. ऐकू येत नाय, पण बॉनेटवर हात ठेवला की इंजिन कळतं. तोवर कुठलीच गाडी बघू नका. पूर्वीला माझ्यासाठी जागी ठेव.

दादा

रोडपाली, १० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू पसंत केलेली बुधाजी मंडपवाल्यांची पिकअप परवा घरी आली. रंग उडालाय, पण मेकॅनिकने चाकं उतरवून ब्रेक दाखवले. पूर्वी बोलू लागलीय, गाडीत मात्र बसत नाही. आम्ही आग्रह करत नाही.

हे अजून चालवायला तयार नाहीत. लायसन्स माझंही आहे, म्हणून आज डबे घेऊन मीच तळोज्याला गेले. तो पूल आला तेव्हा हे शेजारी हँडब्रेकवर हात ठेवून बसले. उतार संपला तरी हात तिथेच होता. मीही काढा म्हटलं नाही.

वहिनीला घेऊन ये, आमच्यावर जीव आहे तसाच असू दे.
तुझी मनिषा