बैल अद्याप फरार

भिवंडी,
बुधवार, दि. ६ नोव्हेंबर २०२४

चि. सुगत यास,
सप्रेम जयभीम.

मी बरा आहे. गुडघे आपापल्या मर्जीने चालतात, साखर आटोक्यात आहे, आणि कानांचं तुला माहीतच आहे. चाळीस वर्षं पॉवरलूमच्या खडखडाटात काढल्यावर फोनवर मला कुणीतरी बोलतंय एवढंच कळतं, काय ते कळत नाही. म्हणून हे पत्र. तीन वर्षांनी लिहितोय, तेव्हा पाकीट बघून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही.

झालं असं, की काल तुझ्या आजीची, गुणाबाईची लोखंडी पेटी उघडली. तळाला म्हातारीने अंथरलेला पेपर अजून तसाच. तारखेतला शेवटचा आकडा कसरीने खाल्लाय, एकोणीसशे पन्नास आणि वर काहीतरी एवढंच उरलंय. पेटीतलं सामान बाजूला काढून, चष्मा लावून तिथेच जमिनीवर बसलो.

पहिल्याच पानावर काय असावं? ‘भिवंडी-ठाणे रस्त्याचे काम सहा महिन्यांत पूर्ण होणार.’ सुगत, मी इतका हसलो की ठसका लागला. त्याच्याखाली कुणा प्राध्यापकांचं व्याख्यान, ‘चंद्रावर जाण्याचा नाद मानवाने सोडून द्यावा.’ माणूस चंद्रावर जाऊन आला, तिथले खड्डे मोजून आला. आपल्या नाक्यावरचे कोण मोजणार?

पण सगळ्यात भारी बातमी, पेटीतल्या पेटीत पान उलटल्यावर, तिसऱ्या पानावर. ‘उपाहारगृहात बैल शिरला. बत्तीस लाडू फस्त. बैल अद्याप फरार.’ मालकाने पोलिसांना वर्णनही दिलं होतं. रंग पांढरा, एक शिंग वाकडे, स्वभाव शांत.

हे सगळं मी मोठ्याने वाचलं. सवयच ना. जेवताना मी मथळे वाचायचो, तुझी आई तोंडाला पदर लावून हसायची आणि तू दरवेळी विचारायचास, “मग पुढं काय झालं?” काल बैल वाचून झाल्यावर मी थांबलो. कुणी काही विचारलं नाही. आधी वाटलं, मलाच ऐकू आलं नसेल. मग लक्षात आलं की घरात पंख्याशिवाय कुणी नाही.

शेजारचा दाऊद तेवढा माझा आवाज ऐकून दारात आला. त्याचे लूम कधीच भंगारात गेले, पण लूमवर असताना करायचो ते हातवाऱ्यांचं बोलणं आमचं सुटलेलं नाही. त्यालाही बैल वाचून दाखवला. तो हसला, मग माझ्या कानाशी येऊन ओरडला, “अरे लहानू, त्या बैलाचं सोड. तुझा बैल नाशिकला हाय ना, उसको बुला पहले.”

“तो न्हाय येणार,” मी म्हणालो.

“तू बुलाया कब?”

आणि तळहातावर बोटाने लिहिल्याची खूण करून निघून गेला.

पेटी का उघडली ते सांगायचं राहिलं. मुद्दामच राहिलं म्हण. सतरा तारखेला आईला जाऊन तीन वर्षं होतील. बुद्धवंदनेच्या टेबलावर घालायला तिची पांढरी चादर शोधत होतो. चादर सापडली. मग पेपराची मागची बाजू बघावी म्हणून तो उचलला, तर खाली पेटीचा पत्रा नव्हता. मेणकापडात बांधलेला गठ्ठा होता. वर तुझ्या आईच्या अक्षरात लिहिलंय, ‘ही रद्दी नाही. कलावती.’

तोच गठ्ठा, सुगत. ज्या पानावर बाबासाहेबांचा फोटो, ते पान रद्दीत द्यायचं नाही, फळीवर अंथरायचं नाही, त्यात भजी बांधायची नाहीत. रद्दीवाला दारात ताटकळतोय आणि ही एकेक पान उलटून बघतेय! तीस वर्षांची पानं. कसर लागू नये म्हणून मेणकापडात बांधून पेटीत तळाशी ठेवली, आणि वर सासूचा पेपर पुन्हा जसाच्या तसा अंथरला. तोही आधी दोन्ही बाजूंनी तपासला असणार.

ती गेल्यावर तू घर आवरलंस, रद्दी विकलीस, आणि गठ्ठा कुठे दिसेना. तिच्या पुण्यानुमोदनाला जमलेल्या पाहुण्यांसमोर मी तुला म्हणालो, “आईला रद्दीत घातलीस. या घराची पायरी चढू नको.” तू दोनदा म्हणालास, “बाबा, मी नाय विकला.” मला दोन्ही वेळा ऐकू आलं होतं. कानांचं निमित्त सांगणार नाही. मी चुकलो. तीन वर्षं या खोलीत एकटा बसून चुकतच राहिलो, आणि गठ्ठा माझ्याच खाटेखालच्या पेटीत होता.

त्या पेपराच्या शेवटच्या पानावर एक चौकट आहे. ‘चि. लडकू, असशील तेथून निघून ये. आईने अन्न सोडले आहे. कोणी काही बोलणार नाही. — वडील.’ तिच्यावर मला हसता आलं नाही. लडकू परत आला की नाही ते पेपरात नाही. बैलाचंही नाही.

सतरा तारखेला रविवार आहे. नाशिकहून येशील तर वडप्याला उतर. गोदामांनी तो सगळा भाग इतका बदललाय की तुला ओळखू येणार नाही, म्हणून मी फाट्यावर येऊन उभा राहीन. गुडघ्यांना सांगून ठेवलंय. गठ्ठा मी सोडलेला नाही. गाठ आईच्या हातची आहे, ती तू सोड.

लाडू आणून ठेवतो. बत्तीस काही जमणार नाहीत.

ये. कोणी काही बोलणार नाही. बोलणारा मीच होतो.

— वडील