पेन्सिलचे ठिपके

लेस्टर
गुरुवार, १६ मार्च १९९५

ती. शैलावन्सं,

नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो ना? मी ठीक आहे.

एका जुन्या सकाळचं सांगायचं राहिलं आहे. त्या सकाळी मी दुधाच्या बाटल्या आत घेतल्या, खिडक्यांना आतून सुटलेलं पाणी फडक्याने टिपलं, कणीक भिजवून झाकली. मग यांचं टेबल आवरायला घेतलं. त्र्याण्णवचा नोव्हेंबर होता. हे वर झोपले होते.

तुम्ही वेम्बलीहून फोनवर हसायचात, "लोक पेन्शनीत बाग करतात, आमचा शशी कॅनडाची बाराखडी करतो." काम तसंच होतं. उत्तर कॅनडातल्या क्री लोकांची लिपी कॉम्प्युटरला ठाऊक नव्हती. विद्यापीठातले यांचे जुने सहकारी पद्माकर एकेका अक्षराला नंबर देत होते, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर त्या नंबराला तेच अक्षर उमटावं. अक्षराचा आकार हे काढायचे, आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन शाईने भरून.

त्या लिपीत एकच आकार चार दिशांना तोंड वळवतो आणि दर वळणाला त्याचा स्वर बदलतो. लायब्ररीतली पुस्तकं लावत मी इंग्रजी शिकले, तशी हीसुद्धा नुसती बघत शिकले, उच्चार न कळता. पोळ्या लाटताना ती अक्षरं डोळ्यांपुढे सावकाश फिरायची. बर्फावर पाखरं उतरावीत आणि सगळ्यांनी मिळून मान वळवावी, तशी.

इथवर तुम्हाला माहीत आहे. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

कागदांवर जागोजागी पेन्सिलचे ठिपके होते. मला वाटलं, थकल्यावर पेन्सिल टेकवली असेल. पाकीट त्या दिवशी जायचं होतं, कागद स्वच्छ जावेत म्हणून मी रबर घेतलं आणि एकूण एक ठिपका पुसला. चुरा फुंकला, पाकीट बंद केलं, पोस्टात टाकून आले. मला नंतर कळलं, स्वर लांबवायचा तर त्या लिपीत अक्षरावर ठिपका देतात. एवढ्या बारीक कामात हात थरथरून शाई पसरायची म्हणून यांनी तेवढे ठिपके पेन्सिलने दिले होते.

जानेवारीत छापील नमुने आले. हे भिंग लावून बराच वेळ बघत राहिले.

"मी ठिपके दिलेच नाहीत बघ," म्हणाले. "दिले असंच वाटत होतं मला."

मी पोळी उलटली.

त्यानंतर यांनी कागद हातात घेतला नाही. तुम्ही फोनवर म्हणालात, "डोळे गेले त्याचे, सोडू दे आता." मी "हो" म्हटलं. मे महिन्यात हे गेले, आपले डोळे आपल्याला फसवतात असं समजून.

परवा मंगळवारी पद्माकर आले. ते जुने कागद त्यांच्यासोबत होते.

"वहिनी, शुक्रवारी यादी पाठवायची आहे. ठिपक्यांची अक्षरं गाळावी लागतील."

"का?"

"ठिपका नेमका कुठल्या चौकोनात, ते शशिधरने तिकडच्या शाळेतल्या बाईंशी पत्रं लिहून ठरवलं होतं. त्या बाई आता नाहीत. अंदाजाने काही पाठवायचं नाही मला."

"मग पुढच्या यादीत जातील?"

"पुढची यादी कधी निघेल, देव जाणे. तोवर तिकडच्या आज्यांची नावं अर्धी लिहायची."

मी गॅस बंद केला आणि सांगितलं. तुम्हाला आत्ता लिहिलं तसंच, कमीजास्त न करता.

पद्माकरांचा चहा निवला. "त्याला सांगितलं होतंत?"

"नाही."

एक कागद उचलून त्यांनी खिडकीपाशी तिरका धरला. "दाबून लिहायचा हो तो," म्हणाले. मीही जवळ गेले. ठिपका पुसला गेला होता, पण कागदाला पडलेला खळगा तसाच होता.

तुमच्या भावाची नजर शेवटपर्यंत साफ होती, वन्सं. तुम्ही सगळ्यांना उलटं सांगितलंत ते माझ्या गप्प राहण्यामुळे. आता हे सांगा. माझं नाव घेऊन सांगा.

काल मी पहिल्या बसने विद्यापीठात गेले, खिडकीजवळचं टेबल मागून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत एकेक खळगा शोधत सत्तेचाळीस ठिपके शाईने भरले.

जशी आहे तशी तुमची,
सुप्रभा