बेंबीखालची गाठ

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा ३४२! सासूची साखर उतरायचं नाव घेत नाही. डॉक्टरांनी इन्सुलिन अजून वाढवलं — सकाळी चाळीस युनिट. घरी आल्याआल्या शेजारच्या भिवराबाईपुढे म्हातारीचं सुरू — "ही सटवी पाणी भरून टोचती. मारायली मला."

पाणी! सुई भरते मी, टोचते मी, शिव्याही मीच खाते. चौदा वर्षं झाली या घरात.

४ नोव्हेंबर

रोज एकाच जागी सुई. बेंबीखाली, डावीकडे. तिथं आता लिंबाएवढी गाठ झाली आहे. मी म्हटलं, आत्या, जागा बदलून बघू. "गप बस! मेंढराला एकाच जागी टोचलं की तिथलं कातडं मरतं, मग ते वरडत न्हाई. मला शिकवती का?"

उभा जन्म मेंढरांमागे गेला. डॉक्टरकीही तिथंच शिकली.

७ नोव्हेंबर

साखरेच्या डब्याला कुलूप, किल्ली म्हातारीच्या कमरेला. स्वतःला गोड बंद, म्हणून घराला बंद. माझ्या चहाला अर्धा चमचा, तोही तिच्या हातून. आज पाहुण्यांपुढे म्हणाली, "हिला कशाला गोड? जीभ तर कारल्यावानी हाय." सगळे हसले. नवराही हसला. मग मेंढरं घेऊन गोदाकाठाला निघून गेला. आता महिनाभर मी आणि ती.

मरत का नाही ही? लिहिलं. खोडणार नाही.

१० नोव्हेंबर

गेवराईला दवाखान्यात. नव्या सिस्टरनी म्हातारीचं पोट चाचपलं. "मावशी, या गाठीत औषध मुरतच नाही! साखर उतरणार कशी? मांडीत घ्या, रोज दोन बोटं सरकून." म्हातारी तोंड वाकडं करून चपला घालायला दाराकडे गेली. सिस्टर मला बराच वेळ समजावत होत्या.

म्हणजे पाणी नव्हतंच! घरी आल्यावर भिवराबाईला बोलावून सांगितलं, म्हातारीला ऐकू जाईल असं.

११ नोव्हेंबर

सकाळी मांडीत दिलं. चाळीस. काय किंचाळली! खरं सांगते — बरं वाटलं. लई बरं वाटलं.

अकराच्या सुमारास लुगडं घामानं चिंब. हात थरथरायला लागले. जीभ जड. "साखर... शिवकन्ये, साखर दे गं."

कुलूप! किल्ली तिच्याच कमरेला. किल्लीच्या नाडीची गाठ सोडायला मी घाई केली नाही. डबा उघडला आणि आधी माझा चहा टाकला. चार चमचे! तिच्यासमोर बसून प्यायले. ती नुसती बघत होती. तिची मान कलायला लागली तेव्हा साखरेचं पाणी कालवलं आणि तोंडाला लावलं. गटागटा प्यायली. पदराला पुसलं तोंड, माझ्याच.

१२ नोव्हेंबर

डॉक्टर फोनवर म्हणाले, आज सुई नको. गावभर माझं कौतुक! भिवराबाई — "सून हाय म्हणून वाचली म्हातारी." किल्ली माझ्या कमरेला आहे. कुणी परत मागितली नाही.



१३ नोव्हेंबर

सिस्टर त्या दिवशी आणखी एक बोलल्या होत्या. ते इथंही लिहिलं नव्हतं मी. जागा बदलली की डोस कमी करा, नाहीतर साखर एकदम उतरते, जीव जाईल.

आज सुई भरून गेले तर म्हातारीनं आपणहून मांडी पुढं केली. म्हणाली, "कमी कर म्हणली व्हती ती बाई. दाराशी ऐकलं म्या. तू किती भरतीस, तेच बघायचं व्हतं."

मग माझ्या हाताकडे बघत विचारलं, "आज किती भरलंस?"