अठ्ठावन्न नंबरची स्वच्छ नळी

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (माझा डावा गुडघा सध्या टेकत नाही, तेव्हा एक अंग कमी धरून उरलेल्या सातांचा स्वीकार व्हावा.) तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? गोळी रोज घेतेस, की डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी दोन एकदम? आतोबांचा खोकला थांबला का, की अजून तू काही विचारलंस की नेमका येतो?

मी मजेत आहे असं लिहिणार होते, पण अक्षर बघून तुला कळेलच, तेव्हा उगाच कशाला. मी ऑफिसच्या लॅबमध्ये मशीनसमोरच्या स्टुलावर बसून लिहिते आहे. एकच नमुना हे मशीन तीनदा तपासतं, दर वेळी पस्तीस मिनिटं. दोन फेऱ्या पार पडल्या, तिसरी चालू आहे. माझा जीव टांगणीला लागला आहे, आणि पत्र लिहिताना माणूस निदान कामात असल्यासारखा दिसतो.

तू दर फोनवर विचारतेस, तू तिथे नक्की करतेस काय, आणि मी दर वेळी ‘औषधाचं काम’ म्हणून सुटते. आज सांगते. एक नव्या प्रकारचं औषध असतं, एमआरएनए म्हणतात. ती शरीराला पाठवलेली चिठ्ठी समज, की बाबा, अमुक एक पदार्थ तूच बनव. पण चिठ्ठी इतकी नाजूक की उघडी पाठवली तर वाटेतच तिच्या चिंध्या होतात. म्हणून तिला चरबीच्या बारीक कणात गुंडाळून पाठवायचं. ती चरबी, म्हणजे लिपिड, स्वच्छ करणं हे माझं काम. (बारा वर्षं शिकून मी तूप गाळते, असं आतोबा म्हणतील. म्हणू देत.) त्यात एका जातीची घाण जरा जरी राहिली, तरी ती चिठ्ठीला चिकटते आणि मग शरीराला अक्षर लागत नाही. सुई टोचलेली असते, पण उपयोग शून्य.

स्वच्छ करायचं कसं, तर माझ्या खांद्याएवढी उंच काचेची नळी पांढऱ्या भुकटीने भरायची, वरून कच्चा माल आणि द्रावण सोडायचं. खाली थेंब थेंब पडतं ते नंबर घातलेल्या छोट्या नळ्यांत धरायचं. आधी कचरा येतो, मग चांगला माल, मग पुन्हा कचरा. पण सगळंच पाण्यासारखं दिसतं. म्हणून प्रत्येक नळीचा एकेक ठिपका पट्टीवर लावून ती आधी द्रावणात उभी करायची, मग आयोडिनच्या बरणीत ठेवायची, की प्रत्येक पदार्थाचा वेगळा डाग उमटतो. या वेळी एकतीस ते सत्तावन्न नंबरांत एकच डाग, आपला. अठ्ठावन्नमध्ये दोन, आणि दुसरा कुणाच्या ओळखीचा नाही. मी अठ्ठावन्न नंबरची नळी कचऱ्यात ओतली आणि वहीत ‘३१ ते ५७ घेतल्या’ असं लिहून सही ठोकली.

इथवर सगळं ठीक होतं. आता तू कुठे येतेस ते ऐक. दुधाची भांडी रिकामी झाली की तू पहिल्यात घोटभर पाणी घालायचीस, विसळून ते दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात, आणि शेवटचं चहाच्या पातेल्यात. मी नऊ वर्षं तुझ्या ओट्याशी वाढले, माझा हात आपोआप तसाच चालतो. चांगल्या नळ्यांना चिकटलेला माल फुकट जाऊ नये म्हणून मी एकतीसमध्ये घोटभर द्रावण घातलं, विसळून बत्तीसमध्ये, तिथून तेहतीसमध्ये. मन भलतीकडे होतं (खरं सांगायचं तर तुझ्या ब्लडप्रेशरकडेच). सत्तावन्न झाली, हात थांबला नाही. अठ्ठावन्न ओतलेली होती, धुतलेली नव्हती. तीही मी लख्ख विसळली आणि ते पाणी सगळ्या चांगल्या मालात ओतलं. मागून बघते तो टाकाऊ नळ्यांच्या घाणेरड्या रांगेत एकटी अठ्ठावन्न चकचकीत. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

हा माल सोमवारी अठरा आजारी माणसांच्या औषधासाठी जायचा आहे. ती माणसं सहा महिने थांबली आहेत. मी चूक कबूल केली तर माल अडणार आणि माझी नोकरी बहुधा जाणार, कारण सही आधी आणि चूक मागून आमच्याकडे चालत नाही. नाही केली तर कुणालाच कळणार नाही. नळी मी स्वतःच्या हाताने धुऊन ठेवली आहे, पुरावा याहून चांगला नष्ट करणं कुणाला जमलं नसतं. तपासणीच्या बाई (सगळे त्यांना लाल पेन म्हणतात, त्यांच्यासमोर सुद्धा) आत्ताच काचेतून बघून गेल्या. मी मान हलवली. त्यांनीही हलवली. मला भीती वाटते आहे, आत्या.

लहानपणी सोपं होतं. मी काहीही फोडलं की बाबांसमोर तू म्हणायचीस, अरे, माझ्याच हातून फुटलं. त्यांचं भिंतीवरचं घड्याळ मी पाडलं तेव्हा तर तू गावातही नव्हतीस, तरी आल्या आल्या तेही अंगावर घेतलंस.

मशीन थांबलं. बघते. गोळ्या वेळेवर घे.

तुझी
(अजून तरी नोकरीवर असलेली) भाची

ता. क. तिन्ही फेऱ्या पास. घाण मर्यादेच्या आत. मी सुटले. जेवायला जाते.

ता. क. २. डबा न उघडताच तसाच ठेवला. मशीन ओळखीची घाण तेवढी मोजतं, अठ्ठावन्नमधल्या त्या दुसऱ्या डागाला तर अजून नावही नाही. उठले आणि लाल पेनना सगळं सांगितलं. माल पुन्हा मोठ्या नळीतून काढायचा, अठरा जणांना नऊ दिवस उशीर. माझ्या नोकरीचं चौकशीनंतर ठरेल.

ता. क. ३. पत्र पाठवण्याचं खरं कारण आता लिहिते. चौकशीच्या फॉर्मात एक रकाना आहे, ‘ही पद्धत कोणी शिकवली?’ मी खरं ते लिहिलं: आत्या. लाल पेन म्हणाल्या, मग शिकवणाऱ्याची सही लागेल. कागद सोबत जोडला आहे. फुलीपाशी फक्त सही कर. खाली ‘शिकवणाऱ्याचे म्हणणे’ म्हणून दोन ओळी मोकळ्या आहेत, तिथे ‘चूक माझ्याच हातून झाली’ असं लिहायचं नाही. चूक झाली तेव्हा तू गावातही नव्हतीस, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं आहे.